कानांनी पाहिलेलं

ही वही छापायची ठरली तेव्हा आमचा पहिला वाद नावावरून झाला. लेखिकेचं म्हणणं, ‘दोन वह्या’ असं सरळ नाव ठेवावं, कारण खरोखरच त्या दोन होत्या. एक दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेली, हळदीचे डाग पडलेली. तिच्यात तालमी, चाली, चुका आणि कोणाला किती वाजता घरी जायचंय याच्या नोंदी. दुसरी नीटनेटकी, समास सोडलेली. तिच्यात माहितीपट पाहून लिहिलेलं. पहिली वही मजेची आणि दुसरी अभ्यासाची, असा तिचा हिशेब. मी दोन्ही एका बैठकीत वाचल्या आणि मला तो हिशेब पटला नाही. म्हणून आता दोन्हींतल्या नोंदी तारखांप्रमाणे एकमेकींत मिसळल्या आहेत आणि नाव मी सुचवलेलं आहे. लेखिकेचं नाव मुखपृष्ठावर नाही, ती तिची अट. घरी अजून सगळं माहीत नाही, एवढंच ती म्हणाली. मी पुढं विचारलं नाही.

माझा अधिकार एवढाच की मी बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं पेटी वाजवली. पेटीवाला रंगमंचाच्या कडेला बसतो. त्याला नटांचे चेहरे अर्धेच दिसतात, तो त्यांचा श्वास ऐकून सूर धरतो. ही वही मला लागलीच कळली ती बहुधा या सवयीमुळं.

शिरड शहापूर औंढा नागनाथ तालुक्यात, औंढ्याहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बाहेरगावचे लोक इथं उतरतात ते मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी, नाहीतर हळदीच्या व्यवहारासाठी. पडद्याचं, खुर्च्यांचं नाट्यगृह पाहायचं तर आम्ही नांदेड गाठतो. पण गाण्याला इथं कधी इमारत लागली नाही. सप्ताहातलं भारूड, नवरात्रातला गोंधळ, एप्रिलमधली भीमगीतं, ऑगस्टमधले अण्णा भाऊंच्या जयंतीचे पोवाडे, एवढ्यात वर्ष निघतं. नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यात. औंढ्याच्या देवळाची गोष्ट तर इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना हटकून मागं घालवलं, ते मागं जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. नंदी मागं राहिला, तो अजून मागंच आहे, म्हणून लोक बोट करून दाखवतात. वह्या लिहिणाऱ्या या मुलीनं ही गोष्ट वहीत घेतली आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘गाणाऱ्याला मागं बसवलं तर ऐकणाऱ्यानं फिरून बसायचं असतं. देवाला हे कळलं, परीक्षकांना कधी कळणार?’

परीक्षकांवर तिचा राग का, हे सांगायला हवं. तिची नाटकातली सुरुवात तुणतुण्यापासून झाली. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर या चार जिल्ह्यांतली कॉलेजं उतरतात. हिच्या कॉलेजात त्यासाठी लोकनाट्य बसत होतं. पात्र मिळालं नाही. आवाज पातळ म्हणून झीलकऱ्यांत उभी केली, हातात तुणतुणं दिलं. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, हा लोकनाट्याचा साचा. त्यात झीलकरी सगळ्यांत मागं. शाहिरानं ओळ सोडली की ती खाली पडायच्या आत उचलायची, ताणून धरायची, त्याचा श्वास भरला की परत द्यायची. पहिले आठ दिवस तिला वाटत होतं आपण शोभेला आहोत. नवव्या दिवशी शाहीर झालेल्या मुलाचा घसा बसला तेव्हा तिला कळलं की अर्धं गाणं झीलकरीच गातात, फक्त ते कोणाच्या लक्षात येत नाही. या नोंदीत एक वाक्य आहे ज्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली: ‘झील म्हणजे हो म्हणणं. कोणीतरी म्हणतंय ते खरं आहे, असं गाऊन सांगणं.’

दुसऱ्या वर्षी तिला मावशी मिळाली. तमाशातली मावशी परंपरेनं पुरुषानं करायची. लुगडं नेसलेला, आवाज चिरका केलेला, कमरेवर हात ठेवलेला पुरुष. आता ती मुलीनं करायची म्हणजे काय करायचं? बाईनं बाईसारखं वागलं तर मावशी उभी राहत नाही आणि पुरुषासारखं वागलं तर लुगडं खोटं पडतं. तिनं शेवटी बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुषाचं सोंग घेतलं. ही चार पानं या पुस्तकातली सगळ्यांत चांगली आहेत असं माझं मत आहे. बालगंधर्वांवर आपण पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. त्यांचं नेसणं, त्यांच्या नथी, त्यांच्या लकबी घरंदाज बायकांनी कशा उचलल्या, हे सगळं सांगून झालं. पण ती लकब उलट्या बाजूनं परत घेणाऱ्या बाईच्या अंगात काय होतं, हे निदान माझ्या वाचनात आलं नव्हतं.

महोत्सवात प्रयोगाला माईक बंद पडला. सोंगाड्यानं लाईटवाल्याच्या नावानं बतावणी लांबवली, लोक हसले, माईक काही आला नाही. मावशीनं उघड्या गळ्यानं गायलं. पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं, परीक्षक सहाव्या रांगेत होते. बक्षीस नाही. राग त्याचा.

संगीत नाटकाशी तिची गाठ पुस्तकातून पडली, आणि तिथं आमचा दुसरा वाद झाला. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक केले, तिथून आपण मराठी संगीत रंगभूमीचं वय मोजतो. मुलीनं लिहिलं, नाटकवाल्यांच्या पदाला गोष्ट थांबते, आमच्या वगातल्या गाण्यात गोष्ट पळते, म्हणून आमचं गाणं मोठं. मी तिला म्हटलं, अगं, हे ‘शाकुंतल’बद्दल खरं नाही. किर्लोस्करांची पदं आखूड होती, पुष्कळशी साकी, दिंडी अशा घरोघर म्हटल्या जाणाऱ्या चालींवर होती. पात्रं त्यांत एकमेकांशी बोलतच होती. गोष्ट थांबायला लागली ती नंतर. 1911 साली ‘मानापमान’ आलं, गोविंदराव टेंब्यांनी त्याला चाली दिल्या, त्यांत ठुमरी-दादऱ्याचा रंग आला, आणि ‘वन्स मोअर’ घेणाऱ्या प्रेक्षकाला गोष्टीची घाई उरली नाही. मी या थांबण्याचा भक्त आहे, हे लपवत नाही. पण मुलगी ‘सर, थांबायला रात्र आपली असावी लागते’ म्हणाली, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. तिला स्पर्धेची घंटा माहीत, मला रात्रभर चाललेले प्रयोग. तो मजकूर तिनं जसा होता तसाच ठेवला आहे.

आता दुसरी वही.

माहितीपट हा शब्द आमच्या पिढीला शिक्षेसारखा वाटायचा. फिल्म्स डिव्हिजन 1948 साली सुरू झालं आणि पुढं कित्येक वर्षं थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी सरकारी वार्तापट दाखवणं सक्तीचं होतं. तेवढ्या वेळात लोक विडी ओढून येत. धरणं, ट्रॅक्टर, हार घातलेले मंत्री, आणि वरून एक गंभीर आवाज. माहितीपट म्हणजे वरून बोलणारा आवाज, हे समीकरण डोक्यात बसलं ते बसलंच. खरं तर आपल्याकडं सिनेमाची सुरुवातच अशा चित्रीकरणानं झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी 1899 साली मुंबईत कुस्ती टिपली, 1901 साली रँग्लर परांजप्यांचं विलायतेहून परतणं टिपलं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वेलाची वाढ चित्रित करून पाहिली होती. मूक सगळं. गंभीर आवाज नंतर आला.

मुलीनं हे माझ्याकडून ऐकलं, पण तिला त्याचं ओझं नव्हतं. तिनं माहितीपट पाहिले ते मोबाईलवर, आणि बहुतेक हळद शिजवण्याच्या दिवसांत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काढलेली हळद शिजवावी लागते, मग पसरून दहा-पंधरा दिवस वाळवायची, मग पॉलिश. शिजवायचं काम एकदा सुरू झालं की रात्रीचं थांबवता येत नाही, कोणीतरी जागं लागतं. ते कोणीतरी म्हणजे ही. पोत्याला टेकून उभा केलेला फोन, कानात एकच इअरफोन, कारण दुसरा कान बॉयलरच्या वाफेकडं. चित्र हाताएवढं, त्यावर वाफ. म्हणून तिच्या नोंदींत दृश्यांची वर्णनं फार कमी आहेत आणि आवाजांची फार. कोण बोलताना कुठं थांबलं, कोणाच्या मागं कुकरची शिट्टी झाली, प्रश्न विचारणारा माणूस कॅमेऱ्यामागून किती हळू बोलला. सिनेमाचं शास्त्र शिकलेला याला दोष म्हणेल. मी पेटीवाला आहे.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तिनं चार रात्रींत पाहिला. तीन तासांहून लांबीचा हा माहितीपट पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. 11 जुलै 1997 रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या घरी गळफास घेतला. घोगरे पटवर्धनांना परके नव्हते; त्यांच्या 1985 च्या ‘बॉम्बे हमारा शहर’ या झोपडपट्ट्यांवरच्या माहितीपटात घोगऱ्यांचं गाणं आहे. म्हणजे आधी एका माहितीपटात गाणारा माणूस, आणि मग त्याच्या जाण्यापासून सुरू झालेला दुसरा. चौदा वर्षं कॅमेरा वस्त्यावस्त्यांतून फिरला आणि जिथं गेला तिथं कोणी ना कोणी गात होतं. संभाजी भगत आहेत, कबीर कला मंचाच्या शीतल साठे आहेत, आणि नाव नसलेले कितीतरी.

या माहितीपटावरच्या नोंदीत मुलीचा हिशेब मोडला आहे. तारीख पाहिली तर नोंद मावशीच्या तालमीच्या दिवसांतली आहे. तिनं अपेक्षा केली होती की साक्षीदार बोलतील, आकडे सांगतील, रडतील. ते गायला लागले तेव्हा तिला आधी ते खोटं वाटलं. ‘माझं झालं तसं यांचंही गॅदरिंग चाललंय,’ असं तिनं लिहिलं आहे. मग दुसऱ्या रात्री तिला झील ऐकू आली. शाहीर ओळ सोडतो आणि मागून बायका ती उचलतात, त्या बायका ज्यांच्या घरातली माणसं गेली. हो म्हणणं. खरं आहे असं गाऊन सांगणं. त्या रात्रीची नोंद दीड ओळीची आहे, ती मी इथं देत नाही.

मला जे म्हणायचं आहे ते इथंच आहे, म्हणून थोडं रेंगाळतो. आपण मराठी माणसं गाणं आणि बातमी वेगळी ठेवायला फार उशिरा शिकलो, आणि अजूनही नीट शिकलेलो नाही. अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा ही शिवकाळातली बातमीच आहे; कोण कुठून आला, काय नेसला होता, काय बोलला. अण्णा भाऊ साठ्यांनी दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. रशियाला ते गेले 1961 साली. न पाहिलेल्या शहराचा वेढा मुंबईतल्या गिरणी कामगाराला त्यांनी डफावर दाखवला, आणि त्यानं तो पाहिला. सत्यशोधकी जलसे, त्यांच्यामागून आलेले आंबेडकरी जलसे यांत पाणवठा, देऊळ, सावकाराची वही ही सगळी नावानिशी यायची. पत्ता सांगणारं गाणं होतं ते. पुणे-मुंबईच्या संगीत नाटकानं आपल्याला गाण्यात विरघळायला शिकवलं, मी त्यात विरघळलोही. पण गाणं ऐकून माणसानं साक्षीला उभं राहावं, हे शिकवलं ते मागच्या रांगेतल्या झीलकऱ्यांनी. माहितीपटाचं उलट झालं. त्याला वाटत होतं साक्ष द्यायची तर गद्यातच द्यायला हवी. दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या दोन वह्यांत आल्या आणि एकमेकींना भेटल्या.

अशा भेटी तिच्याआधीही झाल्या आहेत, त्या तिला मागाहून सापडल्या. सावित्री मेधातूल आणि भूषण कोरगावकर यांनी लावणी करणाऱ्या बायकांवर ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला. माहितीपट संपला पण या बायकांकडून ऐकलेलं संपेना, म्हणून कोरगावकरांनी ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिलं, आणि पुस्तकातून त्याच नावाचा मंचीय प्रयोग आला, ज्यात शकुंतलाबाई नगरकर स्वतः बैठकीची लावणी आणि अदा करून दाखवतात. कॅमेऱ्यासमोर बसलेली बाई उठून रंगमंचावर आली. अतुल पेठ्यांचंही तसंच. पुण्याच्या सफाई कामगारांवर ‘कचराकोंडी’ हा माहितीपट, आणि 2012 मध्ये गो. पु. देशपांड्यांचं ‘सत्यशोधक’ हे जोतीराव फुल्यांवरचं नाटक, शाहिरी गाण्यांसकट, महापालिकेच्या सफाई कामगारांनाच घेऊन. मुलगी इथं हिशेबाला बसली आहे: माहितीपटात त्यांच्या हातात झाडू होता, नाटकात डफ आहे, आणि हात तेच आहेत.

आणि आमच्या मराठवाड्यातलं म्हणाल तर ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, नंदू माधव यांनी बसवलेलं, संभाजी भगतांच्या गाण्यांचं, 2012 सालचं नाटक. शिवाजी महाराजांना न्यायला यम येतो, महाराजांचे विचार पगडीत घेऊन निघतो आणि वाटेत पगडी हरवून बसतो. मग ती कोणाच्या डोक्याला बसते हे शोधत हिंडतो. नट बरेचसे जालन्याच्या खेड्यांतले, शेती करणारे, बोली आपली. मुलीला यातल्या एका गोष्टीचा फार आनंद झाला की ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये ऐकलेला भगतांचा आवाज इथं नाटकात भेटला, आणि चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ या 2014 च्या सिनेमाच्या संगीतातही तोच निघाला. ‘एक शाहीर तीन दारांतून आला,’ असं तिनं लिहिलं आहे.

वाद एकच मिटला नाही. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ तिनं पाहिला. पी. साईनाथ विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या घरी जातात, आत्महत्यांच्या मागचं अर्थकारण सांगतात. नाव रोमच्या नीरोवरून आहे. त्याच्या बागेतल्या मेजवानीत उजेडासाठी कैदी जाळले गेले म्हणतात. साईनाथांचा प्रश्न नीरोबद्दल नाही, पाहुण्यांबद्दल आहे. ते जेवत कसे राहिले? विदर्भाची हद्द आमच्यापासून लांब नाही आणि ते मरण तर त्याहून जवळ. मुलगी आठ दिवस तालमीला आली नाही. आली ती म्हणाली, यंदाच्या वगात शेतकऱ्याचा विषय घेऊ नका, आणि घ्यायचा तर सोंगाड्या काढा. ‘त्याच्यावर हसलेले लोक पाहुणेच की, सर.’

मी नाही म्हटलं. सोंगाड्या काढला की वगाचा वार्तापट होतो, वरून आवाज येऊ लागतो. राजाला तोंडावर बोलायची मुभा सोंगाड्यालाच असते, शेतकऱ्याला नसते. तांगड्यांचं ‘आकडा’ हे वीजचोरीवरचं नाटक घ्या, गंभीर तोंड करून ते लिहिलं असतं तर वीज मंडळाचं परिपत्रक झालं असतं. ती ऐकून घेते, मान हलवते आणि पुन्हा तेच म्हणते. या पुस्तकाच्या शेवटच्या एक तृतीयांश भागात हा वाद पानोपानी आहे, माझी उत्तरं तिनं तिच्या शब्दांत लिहिली आहेत आणि ती माझ्यापेक्षा बरी लिहिली आहेत. तरी मी तिला हरवलं असं मला वाटत नाही. ज्या घरात ती त्या आठ दिवसांत बसून होती, तिथं मी गेलो नव्हतो.

वहीत दोष आहेत. नोंदी एकाच वाक्यात तीन विषय धरतात. तमाशाचा इतिहास तिनं कुठून तरी घाईनं उतरवला होता, तो मी तिच्या परवानगीनं काढला. परीक्षकांबद्दलचा एक परिच्छेदही काढला, तो तिच्या परवानगीशिवाय. बालगंधर्वांबद्दल तिला प्रेम नाही. ते वयाबरोबर येईल असं मी म्हणत होतो, आता तितकं खात्रीनं म्हणत नाही. आणि आमच्याच तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो’ ही वेधशाळा उभी राहते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आकाशातल्या धडकांचा थरथराट टिपायला, तिच्यावर तिनं उगीच एक पान घातलं आहे. म्हणते, एवढं मोठं यंत्र आणि ते पाहत नाही, नुसतं कान लावून बसतं. मी ते पान काढणार होतो. ठेवलं.

ज्याला वेळ कमी असेल त्यानं सुरुवातीपासून वाचू नये. मावशीच्या तालमींपासून उघडावं, तिथून माईक बंद पडतो तिथवर यावं, आणि मग चार रात्रींच्या नोंदी वाचाव्यात. त्या दिवसांत हळद शिजत होती, म्हणून अधूनमधून बॉयलरचं पाणी किती उरलं तेही लिहिलेलं आहे. ते वगळू नका. यंदा वग बसतो आहे. सोंगाड्या आहे. तिनं या वेळी पात्र घेतलं नाही, पुन्हा तुणतुणं मागून घेतलं आणि झीलकऱ्यांत जाऊन उभी राहिली. मी पेटी घेऊन कडेला असतो, तिथून ती मला अर्धीच दिसते.

शिरड शहापूर